पोकळी भरून निघालीच पाहिजे

निरोपसमारंभाला बसलेल्या प्रत्येक माणसाने एक वाक्य ऐकलेले असते. शाल, श्रीफळ देऊन झाले, हार घालून झाला, की एक वक्ता उठतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, “सरांच्या जाण्याने जी पोकळी निर्माण होणार आहे, ती कधीही भरून निघणार नाही.” टाळ्या पडतात. सत्कारमूर्ती डोळे पुसतात. मग चिवडा आणि पेढा.

हे वाक्य मी स्वतःही एकदा बोललो आहे. आज त्याची मला लाज वाटते. ती का वाटते, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. परंतु त्याआधी थोडे फुटबॉलविषयी बोलावे लागेल; कारण या वाक्यातली खोट माझ्या ध्यानात आली ती फुटबॉलमुळे.

लोह्यात आणि फुटबॉल? असे कुणी विचारील. वास्तविक आमचा तालुका कुस्तीचा. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा घोडे, उंट, बैल आणि पहिलवान यांच्याशिवाय दुसरा विषय नसतो. बाकी वर्षभर क्रिकेट. पण मोबाईल आल्यापासून जग खिशात आले आहे. त्यातून आमच्या एका मित्राचा थोरला भाऊ नोकरीनिमित्त मुंबईला असतो. तो अंधेरीच्या मैदानावर ‘मुंबई सिटी’ या संघाचे सामने पाहायला जातो. भावाचे वेड धाकट्याला लागले आणि धाकट्याचे आम्हा चार-पाच जणांना.

मी तेव्हा बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. २०२३चा नोव्हेंबर महिना. कापसाची वेचणी चालू होती. लातूर रस्त्यावरच्या हॉटेलात आम्ही चहा घेत बसलो होतो, तोच बातमी आली, की मुंबई सिटीचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम हे संघ सोडून इंग्लंडला चालले. ऑक्सफर्ड हे त्यांचे गाव आणि तिथल्या ऑक्सफर्ड युनायटेड या क्लबाचे त्यांना बोलावणे आले होते. माणूस आपल्या गावी चालला, त्याला कोण अडवणार? पण आमच्या मित्राचा चेहरा असा झाला, की जणू घरचेच कुणी परगावी निघाले!

बकिंगहॅम लोकप्रिय होते यात शंका नाही. एप्रिल २०२२मध्ये रियाध येथे इराकच्या हवाई दलाच्या संघाला हरवून मुंबई सिटीने आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबाचा पहिला विजय मिळवला, तो त्यांच्या मार्गदर्शनाखाली. २०२२-२३च्या मोसमात लीगची ढाल मिळवली, तीही त्यांच्याच काळात. असा माणूस मोसमाच्या ऐन मध्यावर निघाला. मग आमच्या टेबलावर वाद पेटला : आता कोण?

त्या वादात तीन पक्ष पडले. पुढे मी इतर ठिकाणचे वादही ऐकले आणि माझ्या ध्यानात आले, की असा प्रसंग कुठेही आला, मग तो क्लबाचा असो, शाळेचा असो की सहकारी सोसायटीचा, हे तीन पक्ष ठरलेलेच.

पहिला पक्ष म्हणतो, “अगदी त्यांच्यासारखाच दुसरा आणा.” बोलणे तसेच, वागणे तसेच, डावपेच तसेच. यात गेलेल्या माणसावरचे प्रेम असते, म्हणून हा पक्ष चटकन पटतो. पण नक्कल ही शेवटी नक्कलच. शिवाय गेलेल्या माणसाची आठवण रोज वाढत जाते. त्याचे दोष गळून पडतात आणि गुण तेवढे उरतात. अशा आठवणीशी कोणता हाडामांसाचा माणूस स्पर्धा करणार?

दुसरा पक्ष म्हणतो, “नाव मोठे आणा.” ज्याने कुठेतरी पाच करंडक जिंकले आहेत, तो इथे सहावा जिंकेल, असा त्यांचा हिशेब. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. मोठ्या नावाच्या माणसाला त्याची स्वतःची पद्धत असते. तो आला, की आधी सारे मोडतो आणि मग नवे बांधतो. बांधून होण्याच्या आत बऱ्याच वेळा त्याची मुदत संपते.

तिसरा पक्ष म्हणतो, “आपल्यातलाच माणूस घ्या.” हा पक्ष मला जवळचा वाटतो. परंतु त्यालाही एक प्रश्न विचारलाच पाहिजे : आपल्यातला जो माणूस तुम्ही म्हणता, त्याला कधी काही करू दिले होते काय? पंधरा वर्षे ज्याने केवळ पाण्याच्या बाटल्या उचलल्या, त्याच्या हाती एका रात्रीत संघ सोपवणे हा त्याच्यावरही अन्यायच आहे.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. डिसेंबर २०२३मध्ये पेट्र क्रात्की नावाचे चेक प्रशिक्षक आले. आमच्यापैकी कुणी त्यांचे नावसुद्धा ऐकले नव्हते. १५ एप्रिल २०२४ रोजी मोहन बागानने मुंबईला २-१ असे हरवून लीगची ढाल नेली, तेव्हा “मी सांगितले नव्हते?” असे म्हणणारे बरेच निघाले. पण ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर, त्याच मोहन बागानच्या घरच्या गर्दीसमोर, मुंबईने आधी एक गोल खाल्ला आणि मग तीन करून अंतिम सामना ३-१ असा जिंकला. त्या रात्री आमचा मित्र मोबाईल हातात घेऊन गल्लीत नाचला. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना वाटले, भारताने क्रिकेटचा सामना जिंकला!

हे कसे झाले? क्रात्की काही जादूगार नव्हते. खरी गोष्ट अशी, की बकिंगहॅम आणि क्रात्की हे दोघेही पूर्वी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न सिटी या क्लबात सहायक प्रशिक्षक होते. ज्या उद्योगसमूहाचा तो क्लब, त्याच समूहाने २०१९मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. म्हणजे दोघे एकाच चुलीवर शिजलेले. चेंडू कसा खेळवायचा, खेळाडूंकडून काय करून घ्यायचे, याचे धडे दोघांनी एकाच शाळेत गिरवलेले. माणूस बदलला, रीत बदलली नाही.

त्याच्याही मागे जा. बकिंगहॅम स्वतःच ऑक्टोबर २०२१मध्ये एका लोकप्रिय माणसाच्या जागी आले होते. त्यांच्या आधीच्या सर्जिओ लोबेरा यांनी २०२०-२१मध्ये ढाल आणि करंडक दोन्ही जिंकून दिले होते. त्यांच्यामागून आलेल्या बकिंगहॅमच्या संघाचा पहिल्या मोसमात पाचवा क्रमांक आला, म्हणजे बाद फेरीही गाठता आली नाही. ज्यांच्या जाण्याने २०२३ साली आम्ही हळहळलो, ते बकिंगहॅम २०२२च्या मार्चमध्ये ‘लोबेरांची सर नसलेले’ गृहस्थ होते! क्लबाने त्यांना तेव्हाच काढले असते, तर पुढचे काही घडलेच नसते. आपण प्रेक्षक किती लवकर निकाल देतो आणि दिलेला निकाल किती लवकर विसरतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

यावर कुणी म्हणेल, “त्यांच्याकडे पैसा आहे, परदेशात क्लब आहेत, त्यांना काय कमी?” आक्षेप रास्त आहे. पण लिव्हरपूलचे जुने उदाहरण घ्या. १९७४मध्ये बिल शँकली यांनी अचानक निवृत्ती जाहीर केली. लोक या माणसाला देव मानत. त्यांच्या जागी कोण आले? बॉब पेस्ली. १९३९पासून ते त्याच क्लबात होते. आधी खेळाडू म्हणून, मग खेळाडूंच्या दुखापती पाहणारे आणि त्यांना शिकवणारे म्हणून. पहिल्या वर्षी लीग हाती आली नाही. पण पुढे १९८३पर्यंत या शांत माणसाने सहा वेळा लीग आणि तीन वेळा युरोपियन कप जिंकला. उलट मँचेस्टर युनायटेडकडे पैशाला तोटा नव्हता. सव्वीस वर्षे संघ सांभाळून अलेक्स फर्ग्युसन २०१३मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या डेव्हिड मॉइस यांच्याशी सहा वर्षांचा करार झाला आणि एक वर्ष पुरे होण्याच्या आत त्यांना घरी पाठवण्यात आले. तेव्हा प्रश्न केवळ पैशाचा नाही.

आपल्या शेजारी गोव्यात धेंपो क्लब आहे. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली त्या क्लबाने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली. गोव्याचा माणूस, गोव्याचा क्लब आणि देशात दरारा. २०१३मध्ये कुलासो तिथून बाहेर पडले. मग ऑस्ट्रेलियाचे आर्थर पापास आणि इतर मंडळी आली. पण २०१४-१५च्या मोसमाअखेर पाच वेळचा विजेता खालच्या श्रेणीत घसरला. कोणतीही संस्था एकाच कारणाने खाली येत नाही, हे खरे. तरीही एका माणसाच्या पाठीवर किती ओझे होते, ते तो माणूस गेल्यावरच कळते, एवढे तरी यातून दिसते.

आता जरा घरचे उदाहरण. ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट २०२४मध्ये आला, तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांना सय्यद अब्दुल रहीम हे नाव पहिल्यांदा कळले. वास्तविक रहीमसाहेब आपल्याला परके नव्हेत. ते हैदराबादचे, आणि १ नोव्हेंबर १९५६पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. पेशाने ते शिक्षक. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१मध्ये दिल्लीत आशियाई सुवर्णपदक मिळवले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यात मुंबईच्या नेव्हिल डिसोझाचे तीन गोल होते. भारत त्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला. पुढे ४ सप्टेंबर १९६२ रोजी जाकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून दुसरे आशियाई सुवर्णपदक मिळाले. आणि ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने रहीमसाहेब गेले.

त्यानंतर साठ वर्षे उलटून गेली. आशियाई क्रीडा स्पर्धेतले फुटबॉलचे सुवर्णपदक पुन्हा आले नाही. १९७०मध्ये बँकॉकला कांस्यपदक मिळाले. त्यानंतर तेही नाही. रहीमसाहेबांना आपण चित्रपट दिला, टाळ्या दिल्या. परंतु माझ्या मते त्यांचा खरा मान राखला गेला असता तो वेगळ्या रीतीने. त्यांच्या हयातीतच त्यांच्या पद्धतीची शाळा उभी राहिली असती, त्यांच्यासारखे शिकवणारे दहा शिक्षक दहा शहरांत तयार झाले असते, तर तो मान खरा. एका शिक्षकाच्या जाण्याने देशाचे सुवर्ण थांबत असेल, तर ती त्या शिक्षकाची थोरवी आहेच. पण तो देशाचा दोषही आहे.

इथे मी माझ्या गोष्टीकडे वळतो.

मी ज्या शाळेत शिकलो, ती लोहा तालुक्यातल्या एका लहान गावातली. नाव सांगत नाही. सांगून कुणाचे भले होणार नाही. आमच्या शाळेत एक क्रीडाशिक्षक होते. मैदान म्हणजे काळी जमीन, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. पण या सरांनी मुलींचा खो-खोचा संघ असा उभा केला, की जिल्ह्याच्या स्पर्धेत आमच्या मुलींचे नाव घेतले जाई. माझी धाकटी बहीण त्या संघात होती. ती खांब इतक्या चपळाईने घेई, की पाहणाऱ्याची नजर चुकावी.

खेड्यात मुलगी आठवीत गेली, की घरचे विचार करू लागतात. परगावी सामना, रात्री परतायला उशीर, सोबत कोण? आमच्या गावातल्या प्रत्येक आईबापाचे एकच उत्तर असे : “सर हायेत ना संगं? मग जाऊ द्या.” माझ्या वडिलांचेही तेच. सरांची लोकप्रियता ती हीच. ती टाळ्यांची नव्हती, विश्वासाची होती.

सर निवृत्त झाले तेव्हा माजी विद्यार्थ्यांच्या वतीने मी बोललो. तेच ते पोकळीचे वाक्य मी मोठ्या आवाजात म्हटले. टाळ्या पडल्या. आणि ते वाक्य खरे ठरले! त्यांची जागा रिकामीच राहिली. पारावर बसून आम्ही तासन् तास वाद घातला, की आता कोण येणार? कुणी म्हणाले, अमक्या गावचे सर आणा. कुणी म्हणाले, सरांसारखा कुणी मिळायचाच नाही. वाद चालू राहिला आणि मैदानावर गवत वाढले. दुसऱ्या एका शिक्षकांनी संघ घेण्याची तयारी दाखवली होती. परंतु आईबापांनी मुली पाठवल्या नाहीत. “ते सर होते म्हणून पाठवत होतो,” असे प्रत्येक घरातून उत्तर आले. माझ्या बहिणीचा खेळ दहावीच्या आधीच सुटला. ती आज मजेत आहे, शिकते आहे. पण दूरदर्शनवर खो-खो लागला, की ती उठून आत जाते.

यात दोष कुणाचा? आमच्या सरांचा मुळीच नाही, असे मी पूर्वी म्हणालो असतो. आता तसे म्हणवत नाही. त्यांनी सारे एकट्याने केले. चाव्या त्यांच्याकडे, वही त्यांच्याकडे, पालकांशी बोलणे त्यांच्याकडे. त्यांनी कुणाला शेजारी उभे केले नाही आणि आम्हीही त्यांना ते सुचवले नाही. आम्हाला त्यातच त्यांचा मोठेपणा दिसत होता. विश्वास सरांवर बसला, शाळेवर बसला नाही. सर गेले आणि विश्वासही त्यांच्याबरोबर गेला.

कुस्तीच्या तालमीत असे होत नाही. तिथे वस्ताद हौद्याच्या कडेला बसतो आणि थोरला पठ्ठा धाकट्याला डाव दाखवतो. वस्ताद थकतो त्याच्या कितीतरी आधी त्याचे डाव चार जणांच्या अंगात उतरलेले असतात. ‘आता कोण?’ हा प्रश्न तिथे वस्ताद गेल्यावर पडत नाही. त्याचे उत्तर रोज सकाळी मातीत तयार होत असते.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. लोकप्रिय माणसानंतर कोण, हा वाद वाईट नाही. तो उशिरा घातला जातो, हे वाईट. माणूस कामावर असतानाच तो घातला पाहिजे, आणि त्याच्या समोर घातला पाहिजे. त्यात त्याचा अपमान नाही. दुसरे असे, की सहायकाला खरे काम दिले पाहिजे. एखादा सामना, एखादी सहल, पालकांची एखादी सभा त्याच्यावर सोपवली पाहिजे. आणि तिसरे आपल्या प्रेक्षकांसाठी. नव्या माणसाला निदान एक मोसम तरी जुन्या माणसाच्या फुटपट्टीने मोजू नये. बकिंगहॅमना तो एक मोसम मिळाला म्हणून आम्हाला बकिंगहॅम मिळाले. आमच्या शाळेतल्या त्या दुसऱ्या शिक्षकांना आम्ही एक आठवडाही दिला नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सरांना भेटायला गेलो. मनातले सारे बोललो; ‘राग मानू नका’ असेही म्हणालो. ते बराच वेळ गप्प बसले. मग आत जाऊन त्यांनी एक जाड वही आणली. त्यात अठरा वर्षांतल्या मुलींची नावे होती, कोण कोणत्या बाजूला उत्तम वळते, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या घरी कुणाशी बोलावे, हे सारे बारीक अक्षरात लिहिलेले. “ही मागायला कुणी आलंच नाही रे,” ते म्हणाले, “आणि द्यायचं मलाही सुचलं नाही.”

ती वही आता माझ्याकडे आहे. सर रविवारी सकाळी मैदानावर येतात आणि खुर्ची टाकून बसतात. मी आणि संघातली एक जुनी खेळाडू, जी आता याच गावची सून आहे, अशी आम्ही दोघे मुलींना शिकवतो. अकरा मुली येतात. पालकांच्या घरी आधी सर आमच्याबरोबर आले. आता त्या ताई एकट्या जातात. तीन आया परवा म्हणाल्या, “ताई हायेत ना संगं? मग जाऊ द्या.”

मराठीत ‘खो घालणे’ म्हणजे कामात विघ्न आणणे. पण मैदानावर खो दिल्याशिवाय डावच पुढे जात नाही. आठ गडी पाटीवर बसलेले असतात, एक धावत असतो. बसलेला कुणी रिकामा बसलेला नसतो. पाठीवर हात पडला, की त्याच क्षणी उठायचे, या तयारीने तो बसलेला असतो. आणि धावणारा कितीही चपळ असला, तरी तो दम सुटेपर्यंत एकटाच धावत राहिला, तर संघ हरतो.

आमच्या महाविद्यालयातही दरवर्षी निरोपसमारंभ होतात, यंदाही होतील. भाषणे करणाऱ्या माझ्या मित्रांना एकच विनंती आहे. ते पोकळीचे वाक्य या वेळी म्हणू नका. त्याऐवजी सत्कारमूर्तींना विचारा, “सर, तुमची वही कुणाकडे दिली?”